दूरच्या रोग्याच्या हालचालीचें मापन

पायाचें हाड मोडून प्लॅस्टर निघालें म्हणजे दुखणें सरलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आखडलेला गुडघा पुन्हां मोकळा होण्यास कित्येक आठवडे नियमित व्यायाम करावा लागतो. भोर व वेल्हे येथील डोंगरी गांवांतून त्यासाठीं वरचेवर पुण्यास जाणें सोपें नाहीं. भातलावणीच्या दिवसांत तर रोगी व त्याचा सोबती या दोघांचीही मजुरी बुडते. मग व्यायाम सुटतो, आणि हाड जुळूनही पाय वाकत नाहीं.

अशा रोग्यांस स्वस्त गतिसंवेदकांचा उपयोग कसा होऊं शकेल, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों. मोबाइल फोनांत कांहीं मिलिमीटर लांबीचें एक यंत्र असतें. त्यांत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचीक आधारांवर टांगलेला असतो. फोन कलला कीं गुरुत्वाकर्षणानें तो किंचित् सरकतो, व त्यापासून होणाऱ्या विद्युत्-बदलावरून किती अंश कल झाला तें कळतें. असें एक यंत्र मांडीस व दुसरें नडगीस बांधलें, तर दोहोंच्या कलांतील फरक हाच गुडघ्याचा वांक होय. बाकावर बसून पाय सरळ करतांना नडगी मांडीहून २० अंश खालीं राहिली, तर तितकें काम अद्याप बाकी आहे. हा आंकडा फोनवरून व्यायामोपचार-तज्ज्ञांकडे गेला, म्हणजे त्यांस मागील आठवड्याशीं तुलना करतां येते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१० सालीं खेळासाठीं काढलेला किनेक्ट हा कॅमेरा अवरक्त किरणांच्या साह्यानें शरीराच्या २० सांध्यांचा माग घेत असे. संशोधकांनीं त्याचाही अशा तपासणीसाठीं उपयोग करून पाहिला.

तथापि यंत्रास मर्यादा आहेत. पट्टी सरकली कीं आंकडा चुकतो. आड गेलेला सांधा कॅमेऱ्यास नीट दिसत नाहीं. आणि वेदना तर कोणत्याच संवेदकास कळत नाहीं. म्हणून पहिली तपासणी तज्ज्ञांच्या हातूनच व्हावी, व दुखणें वाढल्यास व्यायाम थांबवून त्यांस विचारावें.

आमच्या विद्यार्थ्यांस फोन हाताळण्याची कला सहज येते. आजोबांच्या पायास पट्टी नीट बांधणें, आंकडा वाचून दाखविणें व कंटाळा आल्यास त्यांस धीर देणें, एवढें त्यांनीं अवश्य करावें. शुभवर्तमानांतील पक्षघाती मनुष्यास बाजेसह वाहून नेणाऱ्या चौघांनीं याहून निराळें काय केलें?