तुरीचे शेत, रानमधमाश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या

मधमाशी म्हटले की पोळे आणि मध डोळ्यांसमोर येतात. परंतु जगात नोंद झालेल्या मधमाश्यांच्या 20,000 हून अधिक जातींपैकी बहुसंख्य जाती पोळे बांधीत नाहीत आणि मधही साठवीत नाहीत. त्यांतील मादी एकटीच मातीत, पोकळ काडीत वा भिंतीच्या भोकात घरटे करते. परोपजीवी गांधीलमाश्या याच कीटकगणातील होत. तुरीच्या पिकात या दोन्ही समूहांचे कार्य, आणि त्याच्या मर्यादाही, एकत्र पाहावयास मिळतात.

तुरीचे परागकोष कळी उमलण्यापूर्वीच फुटतात. त्यामुळे कीटक न येताही शेंगा धरतात, आणि येथेच मधमाश्यांचे महत्त्व दुर्लक्षित राहते. प्रत्यक्षात तुरीत परपरागीभवनही बरेच होते; बीजोत्पादनात विलगीकरण अंतर राखावे लागते ते याचमुळे. हे काम मुख्यतः मेगाकाइल प्रजातीच्या एकाकी माश्या आणि आग्या मधमाशी करतात. मेगाकाइल माशी फुलाच्या नौकेसारख्या पाकळीवर बसली की तिच्या भाराने पाकळी खाली दबते आणि आतील पुंकेसर तिच्या पोटाला घासतात. आग्या मधमाशी पराग मकरंदाने ओले करून पायांवरील टोपलीत बांधते. मेगाकाइल मात्र ते पोटाखालच्या केसांत कोरडेच वाहून नेते. कोरडे पराग पुढील फुलावर सहज गळतात.

संकरित तुरीचे तर सर्वस्व याच माश्यांवर अवलंबून आहे. पाटनचेरू येथील इक्रिसॅटमध्ये विकसित झालेला आयसीपीएच 2671 हा संकर 2010 मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. त्याची मादी ओळ नरवंध्य असते. तिच्यावर पराग आणून टाकण्यास मजूर लावणे परवडणारे नाही. ते काम रानमधमाश्याच करतात. फुलोऱ्यात अंदाधुंद फवारणी झाल्यास बियाणेच धरत नाही.

आता शेंगा पोखरणाऱ्या हेलिकोव्हर्पा अळीकडे वळू. कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही गांधीलमाशी लहान अळीच्या शरीरात अंडे घालते. आतील पिल्लू अळीस मोठी होण्यापूर्वीच संपविते आणि बाहेर येऊन शेजारीच कोष विणते. नुकसान होण्याआधी शत्रू नाहीसा होतो, हेच तिचे वैशिष्ट्य. हरभऱ्यावर ती विशेष आढळते. तुरीवर मात्र कमी.

ज्वारीत तूर घेतल्यास ज्वारीवरील मित्रकीटक पुढे तुरीवर येतील, ही कल्पना आकर्षक आहे. इक्रिसॅटच्या निरीक्षणांनी तिला फारसा आधार दिला नाही. ज्वारीवर अळीचे परोपजीवी मुख्यतः गांधीलमाश्या असतात, तर तुरीवर टॅकिनिड माश्या. या माश्या अळी पुरती वाढल्यावर तिला मारतात. तोवर दाणे खाऊन झालेले असतात.

अंड्यांवरील ट्रायकोग्रामाचीही हीच अडचण आहे. ही गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. तुरीच्या कळ्या व शेंगांवरील केसांतून चिकट स्राव पाझरतो. त्यात ती अडकते. ज्वारीवर चांगली चालणारी माशी तुरीवर निष्प्रभ ठरते ती पिकाच्या त्वचेमुळे. म्हणून ट्रायकोकार्ड सर्वच पिकांत सारखेच लाभदायक मानणे योग्य नव्हे.

प्रौढ गांधीलमाश्या अळ्या खात नाहीत. त्यांना मकरंद लागतो आणि त्यांचे मुखावयव आखूड असतात. हरभऱ्यात किंवा बांधावर कोथिंबीर फुलू देणे उपयुक्त ठरते ते याच कारणाने, कारण तिच्या फुलातील मकरंद उघडा असतो. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल, तर माश्या परतल्यावर सायंकाळी, आणि शक्यतो एचएएनपीव्ही या विषाणूची करावी. हा विषाणू अळीवरच काम करतो, मधमाश्यांना अपाय करीत नाही. तो लहान अळ्यांवरच प्रभावी असल्याने शेताची पाहणी वेळेवर व्हावयास हवी.

पाहणी करताना तुरीच्या वा गुलाबाच्या पानांच्या कडेला कातरीने कापल्यासारखे गोल काप दिसले, तर औषध शोधू नये. मेगाकाइलच्या काही जातींनी घरट्याच्या अस्तरासाठी तेवढे तुकडे नेलेले असतात.