घरांतील सुरी व विळी : धार घरींच कशी लावावी

नांगराचा फाळ बोथट झाला तर शेतकरी तो पेरणीपूर्वीं लोहाराकडे नेतो. ऊसतोडणीच्या दिवसांत कोयता रोज दगडावर चढतो. परंतु ज्या विळीवर वर्षाचे बारा महिने दोन्ही वेळां भाजी चिरली जाते, तिच्याकडे घरांतील पुरुषाचें लक्ष क्वचितच जातें. गृहिणी बोथट पात्यावर जोर देऊन चिरते, पातें घसरतें व बोट कापतें. बोथट सुरी निर्धोक आणि धारदार सुरी धोक्याची, ही समजूत अगदीं उलटी होय. जें काम धारेनें व्हावयाचें तें हाताच्या जोरानें करावें लागलें म्हणजे हातावरील ताबा सुटतो. शिवाय बोथट पात्यानें कांदा चिरण्याऐवजीं चिरडला जातो, त्याच्या पेशी अधिक फुटतात आणि डोळ्यांस झोंबणारा वायुहि अधिक सुटतो.

धार जाते कशी.— पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथें मिळतात ती रेषा म्हणजे धार. वापरानें ही रेषा कांहीं ठिकाणीं एका अंगास मुरडते व कांहीं ठिकाणीं झिजून गोल होते. पातें धार वर करून उजेडांत धरावें. जेथें धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसेल तेथें ती बोथट झाली असें समजावें. तीक्ष्ण धारेवर उजेड ठरत नाहीं.

चाकापासून होणारें नुकसान.— फिरतें चाक घेऊन धार लावणारे अद्याप दारावर येतात. त्यांतील जाणता कारागीर पातें वरचेवर पाण्यांत बुडवितो; परंतु घाईनें कोरड्या चाकावर दाबलेलें पातें फार तापतें. बिबवेवाडी हें पूर्वीं खेडें होतें, आतां तें पुणें शहरांत आलें आहे. तेथील प्रस्तुत लेखकाच्या घरीं आजीच्या वेळची एक पोलादी विळी होती. एकदां ती अशाच घाईच्या चाकावरून परत आली, तों धारेलगत निळी झांक दिसूं लागली. पोलाद सुमारें ३०० अंश सेंटिग्रेड तापलें म्हणजे हा रंग येतो, आणि लोहारानें दिलेलें पाणी तेवढ्या भागापुरतें उतरतें. जी विळी पूर्वीं महिना महिना धार धरीत असे, ती त्यानंतर आठवडाभरहि टिकेना. दगडावर पाण्यासह हातानें घासलेलें पातें असें तापत नाहीं. म्हणून घरची धार हीच श्रेयस्कर.

दगड कोणता घ्यावा.— पुष्कळ घरीं सुरी पाट्याच्या कडेवर किंवा दाराच्या पायरीवर घासतात. आपल्याकडील काळा पाषाण, जो बिबवेवाडीच्या डोंगरउतारावरहि उघडा पडलेला दिसतो, त्यांतील मुख्य खनिजांचा कठीणपणा दहांच्या मापांत साडेपांच ते सहाच्या आसपास भरतो. पाणी दिलेलें पोलाद साधारण तितकेंच किंवा थोडें अधिक कठीण असतें. त्यामुळें असा दगड मुरडलेली कड थोडीफार सरळ करतो. नवी धार काढण्यास तो पुरा पडत नाहीं. वाळूच्या दगडांतील गारेचा कठीणपणा ७, कुरुंदाचा ९ आणि कार्बोरंडमचा त्याहूनहि अधिक आहे. हा शेवटचा पदार्थ अमेरिकेंत अचेसन ह्यानें १८९१ सालीं विजेच्या भट्टींत प्रथम तयार केला. एका अंगास भरड व दुसऱ्या अंगास बारीक असा कार्बोरंडमचा दुहेरी दगड पुण्यास बोहरी आळींत, अथवा लोखंडी सामानाच्या कोणत्याहि चांगल्या दुकानांत मिळतो.

कृति.— दगड दहा मिनिटें पाण्यांत ठेवून ओल्या फडक्यावर मांडावा, म्हणजे तो सरकत नाहीं. एकदां तेल लावलेल्या दगडावर मात्र पाणी चालत नाहीं. भरड अंगावर सुरी आडवी ठेवून तिची पाठ उचलावी. पातें दीड इंच रुंद असल्यास पाठ दगडापासून तीन ते चार सूत, म्हणजे तीन ते चार अष्टमांश इंच, उंच धरावी; ह्यानें पंधरा ते वीस अंशांचा कोन साधतो. कोन किती ह्यापेक्षां तो शेवटपर्यंत एकच राहणें अधिक महत्त्वाचें आहे. मुठीपासून टोंकापर्यंत सबंध धार दगडावरून जाईल अशा बेतानें घासावें.

कांहीं वेळानें दुसऱ्या अंगास खरखरीत मुरड बोटास लागूं लागते. ती पाहतांना बोट पाठीकडून धारेकडे न्यावें. धारेच्या लांबीवरून कधींहि फिरवूं नये. मुरड मुठीपासून टोंकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलूं नये. घरीं लावलेली धार बहुधा फसते ती ह्याच ठिकाणीं. नंतर दुसरी बाजू तशीच घासावी. मग दगड उलटून बारीक अंगावर दोन्ही बाजू घ्याव्या, आणि शेवटीं जोर कमी करीत आळीपाळीनें एकेक वेळ घासावें, म्हणजे मुरड निघून जाते. जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढें व धार मागें ठेवून पांचदहा वेळां ओढल्यास उरलीसुरली मुरडहि जाते. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी न दाबतां नुसती ओढली असतां ती सालींत शिरली, तर धार साधली.

विळी.— विळीचें पातें पाटास जखडलेलें व वांकडें असल्यामुळें येथें पातें स्थिर ठेवून दगड फिरवावा. पाट पायानें घट्ट दाबावा, लहान दगड घ्यावा, बोटें त्याच्या मागें ठेवावीं आणि मूळचा उतार राखून पाठीकडून धारेकडे, अंगापासून दूर, घासावें. दातेरी विळ्यास ही कृति लागू नाहीं.

निगा.— लिंबू, कैरी किंवा चिंच चिरल्यावर पोलादी पातें लागलींच धुऊन कोरडें करावें. बरेच दिवस ठेवावयाचें असल्यास खाण्याच्या तेलाचें बोट फिरवावें.

हाच हात पुढें शेतांतहि उपयोगीं पडतो. कलमाच्या चाकूची धार नितळ असेल तरच काप गुळगुळीत येऊन सांधा नीट बसतो. उसाचें बेणें तोडतांनाहि धारदार कोयत्यानें टिपरीचीं टोकें फुटत नाहींत. परंतु आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. दर पंधरा दिवसांनीं दहा मिनिटें ह्या कामीं खर्च करणें कोणाहि गृहस्थास जड नाहीं, आणि ज्या हातांनीं घरास दोन वेळां जेवण मिळतें ते हात त्यामुळें सुरक्षित राहतील.