मॅक्स ग्लकमन आणि आफ्रिकी समाजांच्या अभ्यासाची मँचेस्टर परंपरा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेत काम करणारे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एखादी जमात निवडून, तिच्यात दीर्घकाळ राहून, तिची नातेव्यवस्था, विधी आणि राजसत्ता यांचे बारकाईने वर्णन करीत. मात्र त्याच भूमीवर वावरणारा गोरा अधिकारी, धर्मोपदेशक आणि खाणमालक यांना त्या वर्णनात क्वचितच जागा मिळे. ही चौकट मोडणाऱ्या अभ्यासकांत १९११ मध्ये जोहान्सबर्ग येथे जन्मलेले मॅक्स ग्लकमन अग्रभागी होते. विटवॉटर्सरँड आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडमध्ये क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत राहून प्रत्यक्ष निरीक्षण केले आणि तेथेच त्यांच्या पुढील विचाराचा पाया घातला गेला.

७ जानेवारी १९३८ रोजी उत्तर झुलूलँडमध्ये झालेल्या एका पुलाच्या उद्घाटनावर त्यांनी १९४० मध्ये लिहिलेला निबंध आजही या विषयातील मूलभूत लेखन मानला जातो. गोऱ्या अधिकाऱ्याची मोटार आडवी ताणलेली फीत तोडून पुलावरून गेली, ख्रिस्ती स्तोत्र गायले गेले, झुलू योद्ध्यांनी आपली गीते म्हटली आणि झुलूंचा राजप्रतिनिधी म्शियेनी याच्या सांगण्यावरून कापलेल्या जनावराचे पित्त पुलाच्या पायथ्याशी ओतण्यात आले; समारंभ आटोपताच गोरी मंडळी चहाला बसली, तर बहुतेक झुलू मांस आणि पारंपरिक बिअर यांसाठी वेगळीकडे जमले. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की अशा परिस्थितीकडे दोन संस्कृतींचा संपर्क म्हणून पाहत आणि युरोपीय, आफ्रिकी व संपर्कातून उपजलेले असे वेगवेगळे रकाने पाडत. ग्लकमन यांनी याउलट असे दाखवले की, पुलाची गरज दोन्ही गटांना होती, सत्ता मात्र एकाकडेच होती, आणि म्हणून परस्परांवर अवलंबून असलेले व तरीही दुभंगलेले हे गट एकाच समाजाचे घटक मानूनच अभ्यासले पाहिजेत.

हा विचार संस्थात्मक पातळीवर राबवण्याची संधी त्यांना उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, ऱ्होड्स-लिव्हिंग्स्टन संस्थेचे संचालक म्हणून १९४१ ते १९४७ या काळात मिळाली. त्यांनी आखलेल्या सात वर्षांच्या संशोधन आराखड्यात खेड्यांबरोबरच तांब्याच्या खाणींची शहरे आणि खाणींकडे जाणारे स्थलांतरित मजूर यांनाही स्थान होते. या परंपरेचे फळ म्हणजे क्लाइड मिचेल यांचा ‘कलेला’ नृत्यावरील १९५६ चा अभ्यास होय. लुआन्शा या खाणशहरात बिसा जमातीचे तरुण मजूर हे नृत्य करीत, पण अंगावर पारंपरिक वेष नसे; इस्त्री केलेल्या विजारी आणि चकचकीत बूट घालून ते नाचत, त्यांच्यात पांढऱ्या डगल्यातला एक ‘डॉक्टर’ असे, तर एक ‘परिचारिका’ आरसा आणि रुमाल घेऊन नर्तकांना नीटनेटके करीत फिरे, आणि गीतांतून इतर जमातींची थट्टा चाले. शहरातील जमातभाव हा गावाकडून आलेला अवशेष नसून अनोळखी गर्दीत माणसे ओळखण्याची नवी वर्गवारी आहे, असा निष्कर्ष मिचेल यांनी त्यातून काढला.

ग्लकमन यांचे दुसरे मोठे योगदान कायद्याच्या अभ्यासात आहे. झांबेझी नदीच्या पूरमैदानातील लोझी लोकांच्या न्यायसभांचे कामकाज ऐकून त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, जेथे वादी आणि प्रतिवादी एकाच वेळी नातलग, शेजारी आणि शेतीतले भागीदार असतात, तेथे न्यायाधीश निकालाबरोबरच बिघडलेली नाती सांधण्याचाही प्रयत्न करतो, आणि ‘समंजस माणूस’ अशा वेळी कसा वागला असता या कसोटीवर दोघांचे वर्तन पारखतो. पाश्चात्त्य न्यायशास्त्राच्या संज्ञा आफ्रिकी व्यवहारावर लादल्या जातात, असा आक्षेप पॉल बोहॅनन यांनी नायजेरियातील टिव्ह लोकांच्या अभ्यासाच्या आधारे घेतला, आणि हा वाद कायद्याच्या मानवशास्त्राला दीर्घकाळ पुरला.

संघर्षाविषयीचा ग्लकमन यांचा सिद्धान्त मात्र अधिक वादग्रस्त ठरला. स्वाझींच्या वार्षिक राजविधीत राजाविषयीचा द्वेष उघडपणे गायला जातो, याचा दाखला देऊन त्यांनी अशा विधींना ‘बंडखोरीचे विधी’ म्हटले. त्यांच्या मते बंडखोर राजा बदलू पाहतो पण राजपदाला हात लावत नाही, त्यामुळे अशा संघर्षातून व्यवस्था उलट बळकटच होते. परंतु राजपदच नव्हे तर संपूर्ण वसाहती सत्ता उलथून टाकू पाहणाऱ्या स्वातंत्र्यलढ्यांचा उलगडा या चौकटीत होत नव्हता. १९७१ मध्ये बर्नार्ड मॅगुबाने यांनी याच परंपरेवर टीका करताना दाखवले की, पेहराव आणि व्यवसायांची प्रतिष्ठा यांवरून शहरी आफ्रिकींमधील बदल मोजण्याच्या नादात त्यामागचे वसाहती शोषण नजरेआड होते.

१९४९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर ग्लकमन यांच्याभोवती जमलेल्या अभ्यासकांनी ‘विस्तारित प्रकरण पद्धती’ विकसित केली. एकाच भांडणाचा किंवा कुटुंबाचा अनेक वर्षे माग ठेवून समाजाची रचना कशी घडते आणि बदलते हे पाहणे, हा तिचा गाभा. झांबियातील न्डेम्बू गावांमधील कलहांना व्हिक्टर टर्नर यांनी ‘सामाजिक नाट्य’ म्हणून उलगडले ते याच वाटेने, आणि एफ. जी. बेली यांनी ओडिशातील बिसिपाडा गावात जात व बाजारपेठ यांचा संबंध तपासला तोही याच परंपरेतून.

१९७५ मध्ये ग्लकमन यांचे निधन झाले. संघर्षातून व्यवस्था टिकते हा त्यांचा सिद्धान्त आज फारसे कोणी जसाच्या तसा स्वीकारत नाही. परंतु अधिकारी आणि प्रजा, खाण आणि खेडे यांना एकाच चौकटीत पाहण्याची त्यांची पद्धत आफ्रिकी समाजांच्या अभ्यासाचा भाग होऊन गेली आहे, आणि त्यांचा खरा वारसा सिद्धान्तापेक्षा या पद्धतीतच आहे.