दिवसा पेटलेले दिवे

भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीजवळून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. ऐन दुपारी, ऊन डोळ्यांत खुपत असतानाही, त्यावरील कित्येक मोटारसायकलींचे पुढचे दिवे पेटलेले असतात. हा चालकांचा विसराळूपणा नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप पेटला पाहिजे, असा नियम आहे. मग तोच नियम मोटारींनाही का लावू नये?

रात्रीच्या दिव्याचे काम रस्ता दाखविण्याचे. दिवसाच्या दिव्याचे काम वाहन दाखविण्याचे. समोरून येणारे वाहन दूर असेपर्यंत त्याची प्रतिमा नेत्रपटलावर फार सावकाश वाढते. त्यातून ते करड्या, धुळकट पार्श्वभूमीत मिसळलेले असले, तर ध्यानात येण्यास आणखी उशीर लागतो. तासाला ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. अरुंद दुचाकीला म्हणूनच दिव्याचा आधार विशेष. रुंद मोटार तशीही लवकर दिसते.

ही प्रथा उत्तरेकडील देशांत रुजली. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरती, गावांबाहेरील रस्त्यांवर, आणि स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभर सर्वत्र ती सक्तीची केली. डिसेंबरच्या उत्तरार्धात हेलसिंकीचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर येतो; भिलाईत तो त्याच दिवशी सुमारे ४५ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये तर जवळजवळ डोक्यावर. अशा प्रखर उजेडात दिव्याचा उठाव कमी होणारच. तिकडचा लाभ इकडे जसाच्या तसा पदरात पडेल, असे मानणे धाडसाचे आहे.

खर्चाचा मुद्दा आता फारसा उरला नाही. हॅलोजन दिव्यांची जोडी ११० वॅट वीज घेते, आणि ती अखेर इंधनातूनच येते; एलईडीला त्याचा लहानसा अंश पुरतो.

गंभीर आक्षेप दुसरेच आहेत. सगळ्या मोटारी लखलखू लागल्या, तर दिवा नसलेला सायकलस्वार अधिकच नजरेआड होईल. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये केलेली सक्ती २००८ च्या आरंभी मागे घेतली, त्यामागे ही भीतीही होती. शिवाय अनेक मोटारींत दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचे तांबडे दिवे पेटत नाहीत. धुक्याच्या पहाटे चालकाला पुढचा उजेड दिसतो, सर्व दिवे लागले असे त्यास वाटते. मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने मात्र ती मोटार अंधारातच असते.