ट्रम्पेट मुका झाला? आधी आकडे बघा

तेल घालायला ट्रम्पेटचे तिन्ही व्हॉल्व्ह काढले, परत बसवले आणि आता फुंकर आतच अडते? बहुतेक वेळा अदलाबदल झालेली असते. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. १ नंबरचा वाजवणाऱ्याच्या बाजूचा. मीही एकदा वरातीआधी हा घोळ घातलाय, घाम फुटला होता!

व्हॉल्व्ह चिकटत असेल तर आधी जुनं तेल पुसा, मग व्हॉल्व्ह ऑइलचे चार थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे त्यासाठी पुलर असतो. आणि आतून निथळते ती बहुतांशी थुंकी नव्हे, श्वासातली वाफ! वाजवून झालं की काढून टाका. धुताना पाणी कोमटच. कढत पाण्याने लॅकर सुटतो.