एकाच गावच्या दोन रायफली

एअर रायफलवर दोन-तीन वर्षे हात बसला की नेमबाज स्मॉल बोअरकडे, म्हणजे .२२ च्या रायफलीकडे वळतो. कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर असो की पुण्याच्या बालेवाडीत, तेव्हा घरात एकच चर्चा सुरू होते: अनशुट्झ घ्यायची की वॉल्थर? स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य आणल्यापासून तर हा प्रश्न राधानगरीपासून नागपूरपर्यंत विचारला जातो. त्याचे उत्तर नुसत्या नावावर देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या दोन्ही रायफलींचे कूळ एकाच ठिकाणचे आहे. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलपट्ट्यात मेलिस आणि झेला ही दोन शेजारगावे होती. मेलिसमध्ये युलियुस गॉटफ्रीड अनशुट्झने १८५६ साली बंदुकांचा कारखाना काढला, तर झेलामध्ये कार्ल वॉल्थरने १८८६ मध्ये दुकान थाटले. १९१९ मध्ये ही गावे एक झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि दोन्ही घराण्यांचे कारखाने हातचे गेले. मग दोघांनीही पश्चिम जर्मनीत डॅन्यूबकाठच्या उल्म शहरात नव्याने सुरुवात केली, अनशुट्झने १९५० मध्ये आणि वॉल्थरने १९५३ मध्ये. १९९३ मध्ये वॉल्थर उमारेक्स कंपनीकडे गेली, पण तिच्या नेमबाजीच्या रायफली उल्मशीच जोडलेल्या राहिल्या.

अनशुट्झची कीर्ती उभी आहे ती ‘५४’ या ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि काडतूस बसवणाऱ्या यंत्रणेवर. १९१३ सुपरमॅच ही तिची सर्वांत परिचित रायफल: जाड, ६९ सेंटिमीटर लांबीची बॅरल आणि अक्रोडाच्या लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा स्टॉक. मॅगझिन नाही. बोल्टचा दांडा उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, बोटाने एक काडतूस पुढ्यात ठेवायचे, बोल्ट पुढे सारून दांडा खाली आणायचा. सरावलेल्या हातात या हालचालीचा आवाजही येत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा ओढला की बोट एका भिंतीशी येऊन थांबते, आणि तिथून जेमतेम शंभर ग्रॅमच्या दाबाने गोळी सुटते. चाप सुटल्यापासून गोळी बॅरलबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात खांदा हलला तरी गोळी दहाबाहेर जाते, म्हणून प्रशिक्षक फॉलो-थ्रूवर, म्हणजे गोळी सुटल्यावरही स्थिर राहण्यावर, इतका जीव तोडतात.

वॉल्थरची आजची रायफल म्हणजे केके ५००. ॲक्शन चांगलीच आहे, पण तिचे खरे बळ स्टॉकमध्ये आहे. गालपट्टी, बट प्लेट, ग्रिप, हाताचा टेकू, जवळजवळ सगळे मागे-पुढे, वर-खाली सरकवता येते. थ्री पोझिशनमध्ये याला फार किंमत आहे. गुडघा टेकून, पालथे आणि उभे राहून, अशा तीन आसनांत तीच रायफल तीन वेगळ्या मापांची करावी लागते, तीही मोजून दिलेल्या मिनिटांत. पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर १ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत स्वप्नीलने ४५१.४ गुण केले, त्यात हे बदल बिनचूक करणेही आले. जो मुलगा वॉल्थरचीच एअर रायफल चालवतो, त्याची मापे केके ५०० वर लवकर बसतात.

पण दोन रायफलींतला फरक शोधत बसलेले पालक ज्याकडे सर्वांत कमी पाहतात ते म्हणजे काडतूस. पन्नास मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, सदऱ्याच्या बटणाएवढा. त्यावर मारायची शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर ५०, लापुआ ही नावे प्रत्येक नेमबाजाला पाठ असतात, पण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या दोन गटांमध्येही, फरक पडतो. एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या, अगदी त्याच मॉडेलच्या बॅरलला नको असतो. म्हणून बर्मिंगहॅममधल्या एलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकच्या लापुआच्या चाचणी केंद्रात स्टॉक काढून बॅरल लोखंडी पकडीत घट्ट बसवतात आणि लॉटमागून लॉट दहा-दहा गोळ्यांनी तपासतात. चांगला लॉट दहा गोळ्यांची मिळून एकच फाटके भोक पाडतो, वाईट लॉटमध्ये दोन गोळ्या निष्कारण बाजूला पडलेल्या दिसतात. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये, म्हणजे पालथ्या आसनात, ६०० पैकी ५९७ गुण केले. साठ गोळ्यांत तीनच गुण गेले. इतक्या बारीक हिशेबात रायफलीवरचे नाव नव्हे, बॅरल आणि लॉटची जोडी कामाला येते.

आपल्याकडे .२२ साठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, रायफल आणि काडतुसे बहुतेक परदेशातून येतात आणि खर्च घराचा कणा वाकवणारा असतो. सगळा पैसा चकचकीत नव्या रायफलीत घालून मग काडतुसांत काटकसर करणारे कितीतरी जण दिसतात. हा व्यवहार उलटा आहे. माझा कौल स्पष्ट आहे: नव्याने स्मॉल बोअरकडे येणाऱ्याने ‘५४’ ॲक्शनची, चांगल्या बॅरलची अनशुट्झ घ्यावी, वापरलेली असली तरी चालेल, आणि उरलेले पैसे काडतुसांवर घालावेत. ही ॲक्शन दशकानुदशके टिकते आणि ती ओळखणारे प्रशिक्षक व कारागीर सापडतात. ज्याची मापे वॉल्थरवर पक्की झाली आहेत आणि जो थ्री पोझिशनच खेळणार आहे, त्याने मात्र केके ५०० घ्यायला कचरू नये.

क्लबमध्ये दोन्ही असतील तर प्रशिक्षकांसमोर, अंगात स्वतःचे जॅकेट घालून, तिन्ही आसनांत प्रत्येकीवर पुरेशा गोळ्या झाडा. आणि निदान दोन-तीन लॉट तिच्यावर तपासल्याशिवाय कोणत्याही रायफलीचे पैसे देऊ नका.