सावकाश वाढणारी मुले

शिवथर खोऱ्यातील पुष्कळ घरांत आज आजी-आजोबा आणि नातवंडेच राहतात. मधली पिढी कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला असते. त्यामुळे मुलांची प्रगती जोखण्याचे काम नकळत ज्येष्ठांकडे आले आहे. रक्तदाब तपासून घेताना आजोबा सांगतात, "थोरला इंजिनिअर झाला, हा मात्र यथातथाच." 'हा' औषधांची पिशवी धरून शेजारीच उभा असतो. रात्रीची गोळी आठवणीने देणारा बहुधा तोच.

असा शेरा मारण्याची घाई करू नये, असे मी वैद्यकीय कारणाने म्हणतो. मेंदूचा पुढचा भाग, जो नियोजन करतो आणि मनाला आवर घालतो, तो पक्व होण्यास साधारण पंचविशी उजाडते. चटकन उत्तर देण्याचा वेग तारुण्यात अधिक असतो खरा. परंतु शब्दसंपदा आणि अनुभवातून येणारी जाण पुढेही अनेक वर्षे वाढत राहते. काही मुलगे वयातच उशिरा येतात. वर्गात बुटके दिसतात आणि सोबत्यांची उंची थांबू लागली की हे वाढू लागतात. चौकशी केली तर वडील किंवा मामाही तसेच वाढलेले निघतात.

परंपरेप्रमाणे आमच्या घळीत समर्थांनी 'दासबोध' सांगितला. त्यांचा जन्म १६०८ चा. त्यापूर्वी बारा वर्षे टाकळीला साधना आणि बारा वर्षे भ्रमण झाले होते; ग्रंथ आला तो चाळिशी उलटल्यावर. पण समर्थ ते समर्थ, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या कोकणातल्याच एका साध्या विद्यार्थ्याकडे पाहू.

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले. परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तेथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. पुढे शिकवण्या करीत पदवी घेतली आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. महिला विद्यापीठ १९१६ सालचे, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे निवृत्तीच्या गोष्टी सुरू होतात त्या अठ्ठावन्नाव्या वर्षीचे. भारतरत्न मिळाले शंभराव्या वर्षी. १९६२ मध्ये, एकशे चौथ्या वर्षी, ते निवर्तले.

प्रत्येक मागे राहिलेला मुलगा महर्षी होईल, असा दिलासा मी कोणाला देत नाही. तशी गरजही नाही. विसाव्या वर्षी कर्व्यांची जी नोंद झाली असती ती चुकीची ठरली असती, एवढेच त्यांच्या आयुष्यातून घ्यावे. आणि ती वर्षे वाया गेली नव्हती. शिकवण्या करताना पैशाला पैसा जोडण्याची लागलेली सवय आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागताना उपयोगी पडली असणार, असे मला वाटते.

मात्र 'होईल हळूहळू' म्हणत आजाराकडे डोळेझाक करू नये. मुलीमध्ये तेराव्या वर्षापर्यंत आणि मुलामध्ये चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे कोणतेच लक्षण नसेल, उंची थांबली असेल, आधी येत असलेले वाचन किंवा हिशेब येईनासे झाले असतील, तर तपासणी करावी. पुष्कळदा फळाच निघतो निराळा: चष्मा लागलेला असतो, कान वाहून ऐकू कमी येत असते, रक्त कमी असते, क्वचित थायरॉईडचा दोष असतो. यांपैकी बहुतेकांवर साधे उपचार आहेत.

घरी एवढे करावे: दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करून तारीख लिहावी आणि दवाखान्यात येताना ते आकडे आणावेत. निदानाचे निम्मे काम तेथेच होते. त्या चौकटीवर चुलतभावाची खूण मात्र करू नये.